सातवाहनांनंतर शहरं ओस पडली, हे उत्खननातून नेमकं कसं कळतं?

वरच्या थरात माल कमी मिळतो, म्हणून. सातवाहनांच्या थरात हातभर लांबीच्या पक्क्या विटा, नाणी, मणी, रोमन खापरं, आणि त्याच्या वर जुन्याच विटांच्या तुकड्यांच्या भिंती, नाणी जवळपास गायब, थर पण पातळ. इतिहासकार रामशरण शर्मांनी १९८७ मध्ये भारतभरच्या उत्खननांवरून हेच मांडलं, जोडीला ह्युएन त्संगने सातव्या शतकात श्रावस्ती उजाड पाहिली ती साक्ष.

पण मी तेरकडचा आहे त्यामुळे गप्प बसवत नाही. तेर म्हणजे जुनं तगर, पेरिप्लसमध्ये, म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-मार्गदर्शिकेत, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय ते, तिथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराला जायचं. आमचा आजा दर उन्हाळ्यात पाऊस यायच्या आत गाडी जुंपून पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर जायचा आणि तिथली माती आणून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर टाकायचा, कारण पांढरीची माती असली की माळवद गळत नाही. सगळा गावच न्यायचा, पिढ्यानपिढ्या. मी मागे बसून मणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वेचायचो. आता तुम्हीच हिशोब करा, टेकाडाचा कुठला भाग आधी संपला असेल?

एमएला हे मी टिपणात लिहिलं तर सरांनी वर्गासमोर 'घरच्या गोष्टी रिपोर्टमध्ये नकोत' म्हणून फुली मारली. आणि त्याच सीझनला ट्रेंचवर वरचा मीटरभर थर दोन दिवसांत कुदळीने उडवला, खालच्या सातवाहनांना मात्र ब्रश घेऊन महिना दिला. मग रिपोर्टमध्ये वरचा काळ दीड पानाचा होणारच ना!

म्हणून कुठलाही रिपोर्ट हातात आला की आधी वरचा थर कसा खणला ते बघा, मग ऱ्हास वगैरे. खापरांचंही तसंच, आपल्याकडे रोमन मद्यकुंभ म्हणून नोंदलेले बरेच तुकडे नंतर इराक-इराणकडच्या रांजणांचे निघाले, आणि ते रांजण सासानी काळात (इराणचं तिसऱ्या ते सातव्या शतकातलं राजघराणं) आणि त्याच्या नंतरही येत होते. म्हणजे व्यापार आटला असं ज्या काळाबद्दल म्हणायचं, त्या काळातला माल आपण आधीच्या खात्यात टाकून बसलो होतो.

बरं, रोमशी चाललेला व्यापार खरंच पडला, ते मी नाकारत नाही. आजा कडेनेही खणायचा, त्यामुळे वरचा थर मातीबरोबर आधी गेला हा माझा सिद्धांतही काही फार पक्का नाही. शिलाहार राजे कित्येक शतकांनंतर स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे श्रेष्ठ नगरी तगरचे स्वामी, म्हणवत होते हे मी भांडताना नेहमी काढतो, पण बिरुद म्हणजे काही नांदतं शहर नव्हे, हेही कळतं.

सर हे वाचत असतील तर, आमचं माळवद पाडून स्लॅब टाकला तेव्हा मातीतून निघालेली खापरं मी दोन गोण्या भरून ठेवलीयत. सातवाहनांची आहेत, नंतरचीही आहेत. कधीही या बघायला.