बेटावरच्या गावात बचत गटाच्या बायकांसाठी परसबाग सुरू करायचीये, खरंच फायदा होतो का?

होतो. माझ्या मावशीचं घर घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, लहानपणापासून सुट्टीत तिकडेच असायचे आणि हल्ली तिच्या गटातल्या बायकांसोबत रोपं करायला जाते म्हणून सांगतेय. लोकांना लेणी आणि गेटवेची लाँच एवढंच माहीत असतं, पण तिथे शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत, समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये, आणि भाजी आजही उरणहून नाहीतर मुंबईहून होडीनेच येते. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद, पर्यटक नाहीत म्हणजे दुकानाचा गल्ला पण नाही, आणि नेमकं तेव्हाच घरात भाजी नसते. म्हणून माझं मत, पहिल्या वर्षी विकायचं डोक्यात ठेवूच नका, जून ते सप्टेंबर घरचं ताट भरलं पाहिजे एवढंच बघा.

मोठा त्रास माकडांचा. मावशीने हौसेने टोमॅटो, काकडी लावलेली, एक फळ हाताला लागलं नाही. आता ती अळू, हळद, आलं, सुरण, मिरची असलं लावते, याला माकडं फारशी शिवत नाहीत, आणि भेंडी, लाल माठ लावायचा तर मासेमारीची फाटकी जाळी चारी बाजूंनी आणि वरूनही बांधून घेते.

पाणी दुसरी गोष्ट, मे महिन्यात प्यायलाच पुरत नाही तर झाडांना कुठून घालणार. मोरीचं पाणी जातं त्या वाटेवरच अळू आणि केळ लावायची. मासळी धुतलेलं पाणी मिरचीला फार मानवतं, पण पहिलं धुवण खारट असतं ते लांब ओतायचं, गोड्या पाण्यात परत धुतलेलं तेवढंच घालायचं, नाहीतर पानांच्या कडा करपतात. मी एकदा पहिलंच ओतलं होतं, पाच रोपं गेली, मावशी दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आणि सक्षमीकरण म्हणाल तर, आधी भाजीसाठी रोज नवऱ्याकडे पैसे मागायला लागायचे, आता मावशी तेच वाचवून गटात भरते आणि कुठे वापरायचे ते स्वतः ठरवते. मला याचं फार अप्रूप वाटतं.

उमेद म्हणजे बचत गटांसोबत काम करणारं राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्यात पोषण परसबागेचं काम चालतं, तालुक्याला चौकशी करा. पण मे संपायच्या आत वाफे तयार हवेत, आणि आधी जाळी बांधा, मग रोपं लावा.