तेलकट चेहरा आणि सतत येणाऱ्या पुटकुळ्या: चेहऱ्याचं तेल कायमचं बंद कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की वय २२, रोज ठाण्याहून लोकलने ऑफिस, दिवसातून पाच वेळा चेहरा धुता, रात्री लिंबाचा रस लावता आणि तरी दुपारी डबा खायच्या वेळेपर्यंत कपाळ चकाकतं, हनुवटीवर दोन नव्या पुटकुळ्या हजर. वर आई म्हणते, लग्न झालं की आपोआप जातील.

आईला सांगा, माझं लग्न २०१६ साली झालं आणि माझ्या पुटकुळ्या २०१८ साली जोमाने परत आल्या. तो उपाय बाद.

मी डॉक्टर नाही. पण १५व्या वर्षापासून या चेहऱ्याशी झगडतेय, आता ३४ची आहे, आणि करू नयेत त्या बहुतेक गोष्टी करून झाल्यात. तुम्ही नुसतं लिंबू लावता, मी त्यात खायचा सोडाही घालायचे. फेस यायचा, तर वाटायचं मळ निघतोय.

आधी तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. तेल कायमचं बंद होत नाही आणि ते करायचंही नाही. हे तेल, म्हणजे सीबम, त्वचेच्या आतल्या थरातल्या तैलग्रंथींत तयार होतं. चेहऱ्यावर आणि डोक्यावर या ग्रंथींची अगदी दाटी असते, एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९००. त्यांना हुकूम मिळतो तो अँड्रोजेन हार्मोन्सकडून (पुरुषी म्हणतात ती, पण बायकांच्या शरीरातही असतात). तुम्ही तोंड दोनदा धुतलंत की दहादा, हे त्यांच्या गावीही नसतं. म्हणून धुतल्यावर तासाभरात पहिले पाढे पंचावन्न.

शिवाय मुरूम नुसत्या तेलाने येत नाही. केस जिथून उगवतो त्या बारीक नळीतल्या मेलेल्या पेशी सुटून बाहेर पडायला हव्यात. त्या तिथेच तेलात चिकटून बसल्या की बूच तयार होतं. मागे तेल साठत जातं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा जिवाणू (तो सगळ्यांच्याच त्वचेवर असतो, काही घाण नव्हे) वाढतो आणि मग सूज, लाली, पू. आज दिसणाऱ्या पुटकुळीचं बूच कित्येक आठवड्यांपूर्वीच बसलेलं असतं. त्यामुळे काल रात्री काय लावलं आणि आज सकाळी काय दिसलं असा हिशोब मांडला की तो चुकतोच. मी वर्षानुवर्षं तोच मांडत होते. नाकावरचे काळे ठिपकेही मळाचे नसतात. उघड्या बुचातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, आणि तेल हवा लागून काळं पडतं. घासून ते जात नाहीत, नाक तेवढं लाल होतं.

तेव्हा लिंबू आजपासून बंद. त्वचेचं स्वतःचं पीएच (आम्लता मोजायचा आकडा, ७च्या खाली आम्ल, वर अल्क) साधारण ५च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. लिंबाचा रस २च्या जवळ, इतका तीव्र की आग होणारच, आणि तो लागलेला असताना ऊन लागलं तर चट्टे उठून काळे डाग राहू शकतात. खायचा सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. अंगाचा साबणही ९-१०च्या घरात, म्हणून तोही तोंडाला नको. टूथपेस्टचं तर नावच काढू नका. मुलतानी माती आणि डाळीचं पीठ यांच्याशी माझं वैर नाही, तेल शोषतात, तासभर बरं वाटतं. पण पीठ चोळून काढताना सुजलेली पुटकुळी फुटते आणि मग डाग. आजीच्या मायेपोटी दिवाळीला उटणं लावते, हलक्या हाताने, बस.

आता लिहिते ते नीट वाचा. २१व्या वर्षी मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला चेहरा दाखवला. त्याने एक छोटी ट्यूब दिली, म्हणाला, सगळे हीच नेतात. चौथ्या दिवशी चेहरा असा स्वच्छ की मैत्रिणी विचारायला लागल्या. रंगही उजळला. दोन महिने लावली. मग उन्हात गेलं की गाल भाजल्यासारखे व्हायचे, चुलीसमोर बसल्यासारखं वाटायचं, गालांवर बारीक लव वाढली, आणि ट्यूब चार दिवस बंद केली की आधी कधी नव्हत्या इतक्या पुटकुळ्या, सगळ्या एकसारख्या. म्हणून पुन्हा ट्यूब. त्या मलमात स्टिरॉइड होतं. स्टिरॉइड सूज झटकन दाबतं, म्हणून जादू वाटते. पण त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात आणि स्टिरॉइडमुळेच वेगळे मुरूम येतात. आपल्याकडे हे इतकं सर्रास आहे की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी याला वेगळं नावच दिलंय, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. २०१८ साली केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली, पण म्हणून ती मिळायची थांबली असं समजू नका. घरात कुठलीही ट्यूब असेल तर आत्ता उठून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं आणि तुम्ही ते पुटकुळ्यांवर किंवा गोरं व्हायला लावत असाल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंद करण्याआधीच जा, कारण सोडतानाचे दिवस वाईट असतात. मला त्यातून बाहेर यायला वर्ष लागलं.

ज्या डॉक्टरांनी मला त्यातून काढलं, त्यांनी चेहरा बघण्याआधी विचारलं, "केसांना तेल कधी लावता?" मी अभिमानाने सांगितलं, शनिवारी रात्री, चांगलं चोपून, रविवारी सकाळी न्हाते. आमच्याकडे कोरडे केस म्हणजे घरात कुणी विचारणारं नाही अशी समजूत. त्या म्हणाल्या, "तुमच्या कपाळावरच्या बारीक पुटकुळ्या शनिवारच्याच आहेत." खोबरेल तेल रंध्रं बुजवणाऱ्यांपैकी आहे, ते रात्रभर कपाळावर ओघळतं, उशीला लागतं, उशीवरून गालाला. तेल सोडायची गरज नाही. न्हायच्या तासभर आधी लावा, कपाळाच्या कडेपासून लांब ठेवा, आणि केस धुतल्यावर सगळ्यात शेवटी तोंड धुवा. एवढ्यानेच माझं कपाळ दोनेक महिन्यांत निम्मं मोकळं झालं.

स्कूटर चालवत असाल तर तोंडाला बांधायचा स्कार्फही त्यातलाच. मी पुण्यात राहते, इथे तो आमचा गणवेश. घामाने भिजलेला, घट्ट बांधलेला, आठवडाभर न धुतलेला सुती स्कार्फ गालावर घासत राहिला की तिथेच पुटकुळ्यांची रांग येते. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तसंच. तीन स्कार्फ घ्या, आलटून पालटून धुवा. हेल्मेट मात्र सोडू नका!

मग लावायचं काय? थोडंच, पण सलग.

चेहरा दोनदा धुवा, सकाळी आणि रात्री. पाचदा नाही. सौम्य, साबण नसलेला फेसवॉश. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी, चरचरीत वाटली तर तो फेसवॉश तुमचा नाही. अधल्यामधल्या वेळी लोकलमधून उतरलात की साधं पाणी मारा किंवा टिश्यू कागदाने टिपून घ्या. टिपायचं, पुसायचं नाही.

पुटकुळ्या थोड्या आणि लालसर असतील तर बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. जास्त टक्क्यांच्या मागे लागू नका, २.५ टक्क्यांचं काम ५ आणि १० टक्क्यांच्या तोडीचं होतं आणि त्वचा कमी सोलते, हे १९८०च्या दशकातच तपासून झालंय. एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. हे औषध कापडाचा रंग उडवतं. आमच्या निळ्या टॉवेलवर पांढरे नकाशे उमटले आणि आईने दोन महिने कपड्यांच्या पावडरीला शिव्या घातल्या. पांढरा टॉवेल, पांढरा अभ्रा. ट्यूब गरमीतही ठेवू नका, स्कूटरच्या डिकीत तर नाहीच.

बूच बसूच नये यासाठी खरं औषध म्हणजे ॲडापॅलीन ०.१ टक्के जेल. हे आपल्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायचं. रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. पुटकुळीवर ठिपका देऊन उपयोग नाही, कारण काम पुढच्या पुटकुळ्या अडवण्याचं आहे. सुरुवातीला एक रात्र आड. पहिले तीन-चार आठवडे चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, कधीकधी पुटकुळ्या वाढल्यासारख्या वाटतात. इथेच बहुतेक जणी सोडतात. (मी दोनदा सोडलं.) तिसऱ्यांदा कॅलेंडरवर १२ आठवड्यांवर फुली मारली आणि तोवर मत बनवायचं नाही असं ठरवलं. दहाव्या आठवड्याच्या सुमारास लक्षात आलं की नवीन काही येतच नाहीये. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे लावायचं नाही, डॉक्टरांना आधी सांगा.

तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, असं मलाही वाटायचं. तेल आणि पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. ही औषधं त्वचा कोरडी करतात, ती आग सोसवत नाही म्हणून आपण औषध सोडतो. मॉइश्चरायझर लावलं की औषध टिकतं. पातळ, जेलसारखं घ्या. आणि दिवसा सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन बोटांवर भरेल इतकं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत पुटकुळी गेली तरी मागे काळा डाग राहतो आणि उन्हात तो गडद होतो. माझी पुटकुळी आठवड्यात जायची, डाग सहा महिने. पुटकुळी पिळली की दोन्ही वाढतात, हेही त्यातच आलं.

पार्लरमधल्या वाफेबद्दल विचारलंय. रंध्रांना दारं नसतात. वाफेने उघडत नाहीत, थंड पाण्याने मिटत नाहीत. सक्रिय पुटकुळ्या असताना मसाज आणि ब्लीच तर नकोच. एका फेशियलच्या पैशांत वरच्या वस्तू येतात.

खाण्याचं म्हणाल तर "उष्णता वाढली" हे निदान आपल्या प्रत्येक घरात तयार असतं. सब्जा, गुलकंद मीही खाल्लंय, खायला छान लागतं. पुरावा आहे तो रक्तातली साखर झटकन वाढवणाऱ्या खाण्याबद्दल. २००७ साली ऑस्ट्रेलियात मुरूम असलेल्या तरुण मुलांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, त्यात असं खाणं कमी केलेल्यांचे मुरूम जास्त कमी झाले. दूध आणि जिममधली व्हे प्रोटीन पावडर यांचाही काहींना त्रास होतो. मी दिवसातून चार वेळचा गोड चहा-बिस्किटं एका वेळेवर आणली. हापूस सोडला नाही, सोडणारही नाही.

आता तुमच्या हनुवटीबद्दल. माझ्याही २०१८ साली परत आल्या त्या जबड्याच्या कडेनेच, खोल, दुखऱ्या गाठी, पाळीच्या आठवड्यात हमखास. पाळी दोन-दोन महिने लांबत होती, हनुवटीवर चार जाड केस येत होते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर पीसीओएस, म्हणजे पाळीचं चक्र बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास, निघाला. तुमची पाळी अनियमित असेल तर नुसत्या मलमांवर महिने घालवू नका. आणखी एक, कपाळावर किंवा पाठीवर सगळ्या एकाच मापाच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर ते मुरूम नसून बुरशीमुळेही असू शकतं. त्याचं औषध वेगळं असतं.

खड्डे पडायला लागले असतील तर मात्र १२ आठवड्यांची वाट न बघता थेट त्वचारोगतज्ज्ञ. डाग जातात, खड्डे सहजी जात नाहीत. तिथे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचं नाव निघू शकतं. तैलग्रंथी आक्रसून तेल खरोखर कमी करणारं औषध ते हेच, म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं उत्तर. पण त्या काळात दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंगं येऊ शकतात, रक्ताच्या तपासण्या लागतात, ओठ तर इतके फुटतात की हसवत नाही. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊन करायचा हा प्रयोग नव्हे.

माझं कपाळ आजही दुपारी चकाकतं. टिपकागद पर्समध्ये असतो, वेळ मिळाला तर टिपते.

लिंबाने आग होत असेल तर आठ-दहा दिवस फक्त फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, आणि आग थांबल्यावरच पुढचं सुरू करा. कुठली ट्यूब घरात सापडली तर कमेंटमध्ये घटक लिहा, मला कळतं तेवढं सांगेन.