मशीन शिकू की पावडर?

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. धातूच्या पावडरीवर लेझर फिरवून पार्ट बनवणारं मशीन पाहिलं आणि तेव्हापासून त्यातच काम करायचं डोक्यात आहे. या पद्धतीने चुंबक बनवण्याची काही पेटंट वाचली, पण निम्मं डोक्यावरून गेलं. मशीन चालवण्याचा सर्टिफिकेट कोर्स करू की पुढे मटेरियल्समध्ये मास्टर्स? बाबा म्हणतात, हे क्षेत्र फार अरुंद आहे, त्यापेक्षा कोडिंग शीक.

उत्तर : कोर्स आत्ता नको. फाइल चढवणं, पावडर चाळणं, भरणं हे नोकरी देणारी कंपनी स्वतःच्या मशीनवर शिकवतेच. मशीन बदललं की त्यातलं बरंचसं पुन्हा शिकावं लागतं. छापलेला पार्ट का तडकला, का वाकला हे सांगणारी माणसं मात्र शोधून आणावी लागतात. तुला त्यांच्यात बसायचं असेल, तर रस्ता मटेरियल्सचाच.

फरक कसा पडतो बघ. पार्ट कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळी छिद्रं दिसतात. ती गोल गरगरीत असतील तर बहुधा वायू अडकलाय, आणि तो पावडरीच्या कणांतूनच आलेला असू शकतो. छिद्रं वेडीवाकडी असतील आणि आत न वितळलेले कण दिसत असतील, तर ऊर्जा कमी पडलीय किंवा लेझरच्या दोन ओळींत अंतर जास्त राहिलंय. दुसऱ्या दुखण्यावर पॉवर वाढवून बघता येते. पहिल्यावर वाढवलीस तर बिघडायचीच शक्यता जास्त. फक्त बटणं शिकलेल्या माणसाला दोन्ही छिद्रं सारखीच दिसतात.

आता चुंबक. तिथे तू अडलीस यात नवल नाही, कारण चुंबक बनवण्याची नेहमीची पद्धत आणि लेझरची छपाई, या दोन तंत्रांना लागणाऱ्या पावडरींचं एकमेकींशी पटत नाही. निओडायमियम-लोह-बोरॉनचा दणकट चुंबक नेहमीच्या पद्धतीने बनवताना मिश्रधातू दळून ३ ते ५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पावडर करतात. चुंबकीय क्षेत्रात तिचे सगळे कण एका दिशेला वळवतात, तसेच दाबतात आणि १००० अंश सेल्सिअसच्या पुढे सिंटर करतात, म्हणजे पूर्ण न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडतात. लेझर मशीनला मात्र साधारण १५ ते ४५ मायक्रॉनचे गोल कण हवे असतात, कारण पावडर पातळ थरात सपाट पसरली पाहिजे. तीन मायक्रॉनची पावडर कोरड्या वाळूसारखी ओघळत नाही, गठ्ठे धरते. वर हवा लागली तर पेटूही शकते. समजा पसरलीच, तरी लेझरने वितळवल्यावर कणांना दिलेली दिशा गेली! त्यात हा पदार्थ ठिसूळ, झपाट्याने थंड होताना हमखास तडे जाणारा.

(पावडर मशीनभर चिकटत कशी नाही, असं तुला वाटलं असेल. ती चुंबकित केलेलीच नसते, ते काम सगळ्यात शेवटी होतं. तसंही ३१० अंशांच्या आसपास या पदार्थाचं चुंबकत्व मावळतं.)

या क्षेत्रातले शोध नेमके या अडचणींवर असतात : गोल कणांची नवी पावडर, मिश्रधातूचं बदललेलं प्रमाण, स्फटिक हव्या दिशेने वाढावेत म्हणून लेझरचा वेगळा मार्ग, किंवा छापून झाल्यावर स्फटिकांच्या सीमांमध्ये झिरपवलेला दुसरा मिश्रधातू. आता तीच पेटंट पुन्हा काढ. वर्णन बाजूला ठेव, थेट दाव्यांवर (क्लेम्स, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितलाय ती कलमं) जा आणि प्रत्येक दावा यातल्या कोणत्या अडचणीवर आहे ते समासात लिही.

प्रोजेक्टसाठी मी कायम चुंबकापेक्षा मृदू चुंबकीय पदार्थ, म्हणजे सहज चुंबकित होणारा आणि तितक्याच सहज चुंबकत्व सोडणारा, सुचवेन. ६.५ टक्के सिलिकॉनचं पोलाद मोटर-ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी उत्तम, पण लाटून पत्रे काढायला गेलं की तडकतं. लेझरने छापलं तर लाटावं लागत नाही. पण भरीव छापलं की आत एडी करंट (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठणारे, ऊर्जा वाया घालवणारे विजेचे भोवरे) मोकाट फिरतात, म्हणून आकारातच फटी ठेवाव्या लागतात. मेकॅनिकलवाल्या मुलीला हात घालता येईल असा हा प्रश्न आहे.

आणि शोध लावायला डॉक्टरेटपर्यंत थांबावं लागतं असंही नाही. लेझरने पावडर सिंटर करण्याची कल्पना कार्ल डेकार्डला टेक्सास विद्यापीठात पदवीचा विद्यार्थी असतानाच सुचली. पेटंटचा अर्ज १९८६ चा, मंजुरी १९८९ ची. मासातो सागावा यांची डॉक्टरेट झालेली होती, पण चुंबकाचं म्हणून त्यांचंही उदाहरण बघ. लोह आणि दुर्मिळ मृदा (निओडायमियमसारखी मूलद्रव्यं) यांच्या संयुगांतून चांगला चुंबक का होत नाही, हे त्यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात ऐकलं आणि बोरॉन किंवा कार्बन घालून पाहू असं त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हाच्या कंपनीला त्यात रस नव्हता. त्यांनी नोकरी सोडली, दुसरी धरली आणि १९८२ मध्ये निओडायमियम चुंबक तयार झाला. नोकरी सोडण्याचा सल्ला मी देत नाहीये, तुला अजून ती लागायचीय.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. निव्वळ चुंबक छापण्याच्या नोकऱ्या थोड्याच आहेत, हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच चालतं. पण पावडर आणि सूक्ष्मरचना (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी धातूची आतली ठेवण) कळणारा माणूस विमानाच्या इंजिनांचे पार्ट, शरीरात बसवायचे इम्प्लांट, पावडर बनवणारे कारखाने, मोटरनिर्मिती, अगदी पेटंटचा मसुदा लिहिणं, इथे सगळीकडे चालतो. कोडिंगही शीक, पण या कामापुरतं : सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतली छिद्रं मोजणारा छोटा प्रोग्राम लिहून दाखवलास, तर मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा तो जास्त बोलेल. एक सावधगिरी : नवीन काही सापडलं तर पेटंटचा अर्ज होईपर्यंत ते प्रोजेक्टच्या अहवालात किंवा पोस्टरवर जाहीर करू नकोस, नावीन्य तिथेच संपू शकतं.

पुढच्या सत्रात फिजिकल मेटलर्जी आणि पावडर मेटलर्जी हे विषय घे. कॉलेजच्या लॅबमध्ये हॉल फ्लोमीटर असेल तर आधी तो वापर : ५० ग्रॅम पावडर २.५ मिलिमीटरच्या भोकातून किती सेकंदांत उतरते ते मोजायचं. पावडर थोडी दमट असली तरी आकडा कसा बदलतो, कधीकधी ती उतरतच कशी नाही, ते बघ. मास्कशिवाय मात्र डबा उघडायचा नाही. मास्टर्ससाठी विभाग निवडताना एवढंच विचार : तुमच्याकडे कणांचा आकार मोजायची, पार्ट कापून तपासायची आणि चुंबकत्व मोजायची सोय आहे का? नुसतं लेझर मशीन दाखवलं, तर दुसरा विभाग बघ.