छत कापायची घाई नको

अरे, १९३२ च्या फोर्डची बॉडी मिळाली ना, मग छत कापून गाडी बुटकी करायचा विचार नंतर, ग्राइंडर आधी बाजूला ठेव. गंजलेला फ्लोअर कापायच्या आधी आतून पाइपचे आडवे-तिरपे आधार वेल्ड करून घे, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं परत नीट बसतच नाहीत. पॅचला १८ गेजचा (साधारण १.२ मिमी जाडीचा) पत्रा घे आणि जमेल तिथे गॅस वेल्डिंगच कर, कारण मिगचा (विजेवर तार वितळवून केलेल्या वेल्डिंगचा) जोड कडक होतो, हातोडा-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकताना त्रास देतो, गॅसचा मऊ राहतो. मिगच वापरलंस तर सलग मारू नकोस, पत्रा तापून लाटा येतात. पुट्टी थापायचा मोह होईल, पण आधी पत्र्यावर तळवा फिरव, डोळ्याला न दिसणारा खड्डा हाताला लगेच कळतो. इंजिन मात्र फ्लॅटहेड व्ही-८ च टाक रे, फोर्डचं ते जुनं आठ सिलिंडरचं!