प्रोसेसरचे गुण आणि मापातला घोळ

प्रश्न : खानापूर येथे माझे डीटीपीचे दुकान आहे. मराठी व कन्नड लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल अशी कामे असतात आणि लग्नसराईत फोटोग्राफर मित्रांसाठी व्हिडिओ एडिटिंगही करून देतो. नव्या संगणकासाठी बेळगावात चौकशी केली असता इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी असे दोन प्रोसेसर सुचवण्यात आले. मी दोन ठिकाणी गीकबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचे सिंगल कोअर (म्हणजे प्रोसेसरच्या एकाच कोअरचे) गुण पाहिले. पहिल्याचे १,६५० च्या आसपास, तर दुसऱ्याचे २,००० च्या आसपास होते. विक्रेता मात्र पहिलाच वेगवान असल्याचे सांगतो. कोणाचे खरे मानावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : विक्रेत्याचे बरोबर आहे आणि आपण पाहिलेले आकडेही खोटे नाहीत. पहिला आकडा गीकबेंच ५ चा आहे, दुसरा गीकबेंच ६ चा, एवढाच काय तो घोळ. पाचव्या आवृत्तीत कोअर आय३-८१०० या प्रोसेसरला १,००० गुण धरून बाकीच्यांची मोजणी होत असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत कोअर आय७-१२७०० चे २,५०० गुण हा आधार ठरला आणि चाचणीतली कामेही बदलली. एकाचे भात शेराने मापायचे, दुसऱ्याचे किलोने, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचे पीक मोठे म्हणायचे, असा हा हिशेब झाला. आवृत्ती एकच धरली तर सिंगल कोअरमध्ये आय५-१२४०० साधारण दहा टक्के पुढे राहतो.

कागदावर मात्र हे दोघे सख्खे भाऊ वाटतात. दोघांनाही सहा कोअर (काम करणारे भाग) आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत, आणि दोघांचाही कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आहे. मूळ वेग तर रायझनचाच जास्त, ३.९ गिगाहर्ट्झ, इंटेलचा अवघा २.५. पण गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात तेवढेच; एका ठोक्याला किती काम उरकते हे त्यावरून कळत नाही, आणि तिथेच इंटेलची ही रचना सरस ठरते. शिवाय ५६००जी मध्ये ग्राफिक्सला जागा देताना एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान स्मृती) १६ एमबी ठेवली आहे, जी त्याच्याच घरातल्या ५६००एक्स मध्ये ३२ एमबी असते. इंटेलची १८ एमबी आहे.

आता हे दहा टक्के आपल्या कामात कुठे दिसतील, ते पाहू. पत्रिकेतली ओळ दोन मिलिमीटर वर सरकवताना ते मुळीच जाणवणार नाहीत. मराठी आणि कन्नड मिळून शे-दोनशे फॉन्ट भरलेल्या संगणकावर कोरलड्रॉ उघडायला जो वेळ लागतो, तो एसएसडी आणि रॅममुळे अधिक कमी होईल. व्हिडिओची गोष्ट वेगळी. आय५-१२४०० मधल्या यूएचडी ७३० ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची व्हिडिओ हाताळण्याची सोय आहे आणि नवे मिररलेस कॅमेरे ज्या १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी या दाबून साठवलेल्या व्हिडिओच्या स्वरूपात चित्रीकरण देतात, ते तिला थेट उलगडता येते. ५६००जी ला तो भार कोअरवर टाकावा लागतो, म्हणून टाइमलाइन अडखळते. सिंगल कोअरच्या गुणांत यातले काहीच उमटत नाही, आणि आपल्या कामाला तर नेमके हेच महत्त्वाचे आहे.

दोन गोष्टी खरेदीच्या वेळी डोळ्यांनी पाहून घ्याव्यात. खोक्यावर १२४०० च्या पुढे ‘एफ’ हे अक्षर असेल तर त्यात ग्राफिक्सच नसते. वेगळे कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर चित्रही येणार नाही आणि क्विक सिंकही मिळणार नाही. दुसरी गोष्ट रॅमची. दुकानदार बहुधा १६ जीबीची एकच पट्टी बसवून देतात. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पोहोचवते, आणि आठ-आठच्या दोन पट्ट्या योग्य स्लॉटमध्ये लावल्या तर हाच आकडा ५१.२ होतो. ५६००जी चे ग्राफिक्स यूएचडी ७३० पेक्षा तगडे असले तरी ते याच रॅमवर जगते, त्यामुळे एका पट्टीवर त्याचा निम्मा जीव जातो. जाहीर चाचण्या मात्र बहुतेक वेळा दोन पट्ट्यांवर घेतलेल्या असतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ या शब्दांपुढे किती आकडा आहे, तो पैसे देण्यापूर्वी पाहावा.

माझे मत विचाराल तर आय५-१२४०० घ्या, एफ नको. त्याहून चांगले म्हणजे गेल्या हंगामातल्या एखाद्या लग्नाचे पाच मिनिटांचे चित्रीकरण पेनड्राइव्हवर घेऊन बेळगावला जा, दोन्ही संगणकांवर ते एकाच सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करायला लावा आणि मनगटावरच्या घड्याळात वेळ मोजा.

प्रश्न : माझ्या आय५-१२४०० ला दुकानात सिनेबेंच आर२३ या वेगचाचणीत जेवढे गुण मिळाले, तेवढे निपाणीला घरी आणल्यावर मिळत नाहीत. प्रोसेसर बदलला गेला असेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : प्रोसेसरचे नाव टास्क मॅनेजरमध्ये दिसते, ते जुळत असेल तर तशी शंका नको. सिनेबेंच आर२३ ची नेहमीची चाचणी किमान दहा मिनिटे फेऱ्या घेत राहते, पण ती सोय बंद करून एकच फेरी घेता येते आणि घाईच्या वेळी दुकानात तसेच करतात. हा प्रोसेसर आरंभी ११७ वॅटपर्यंत वीज खेचू शकतो आणि नंतर, मदरबोर्डची मांडणी तशी असल्यास, ६५ वॅटवर उतरतो. त्यामुळे पहिल्या फेरीचे गुण चढेच असतात. संगणकाचे खोके लाकडी कपाटात कोंबले असेल तर हवा कोंडून तो तापू नये म्हणून ते आधी बाहेर काढा आणि पुन्हा मोजा. त्यानंतर दहा मिनिटांअखेर जे गुण येतील, ते तासभर चालणाऱ्या कामासाठी दुकानातल्या आकड्यापेक्षा अधिक भरवशाचे समजा.