दान आलेले जुने लॅपटॉप ई-कचऱ्यात देण्यापूर्वी सोलापुरातील स्वयंसेवकाने काय करावे?

आधी बॅटरी काढून वेगळी ठेवावी आणि मग डिस्कवरील माहिती कायमची पुसावी. ही दोन कामे झाल्याशिवाय एकही लॅपटॉप बाहेर देऊ नये. येथे असे लॅपटॉप तपासण्याचे काम मी स्वयंसेवक म्हणून करतो, आणि माझ्या मते बॅटरीकडे होणारे दुर्लक्ष सर्वांत घातक आहे. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा खालचे झाकण नीट बसत नसेल, तर आतली लिथियम बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये, तिच्या टोकांना इन्सुलेशन टेप लावून कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवावी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा हा डबा पत्र्याच्या खोलीत कदापि नसावा. डिस्क झटपट फॉरमॅट करणे म्हणजे पुस्तकाची केवळ अनुक्रमणिका फाडणे, पाने म्हणजे मूळ माहिती तशीच राहते. म्हणून संपूर्ण हार्ड डिस्कवर जुन्या माहितीच्या जागी एकदा शून्ये लिहावीत. मात्र एसएसडीला (चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला) ही पद्धत पुरेशी नाही, तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञाच वापरावी. त्यानंतर लॅपटॉप भंगारात न घालता नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रालाच द्यावेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 मध्ये अशा केंद्रांना नोंदणी बंधनकारक आहे. काढलेल्या बॅटरी मात्र वेगळ्या, तसे सांगून द्याव्यात.