किरायाचं घर, स्लॅबचा खर्च आणि आयकर

प्रश्न : नमस्कार ताई. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक. दारव्ह्याला वडिलांनी 1988 साली बांधलेलं घर आता माझ्या एकट्याच्या नावावर आहे. समोरचं दुकान कृषी केंद्राला आणि मागच्या दोन खोल्या एका बँक कर्मचाऱ्याला किरायानं दिल्या. दोन्ही मिळून महिन्याला 13,000 येतात. औंदा उन्हाळ्यात दुकानावरची टिनं काढून स्लॅब टाकला, 2,40,000 लागले. छपाई (प्लास्टर) आणि रंगाचे 35,000 पेन्शनमधून दिले. पतसंस्थेचं कर्ज 3 लाखांचं. उरलेले 60,000 मुलीच्या लग्नात गेले. वर्षाचं व्याज 33,000. हा सगळा खर्च किरायातून वजा होईल ना?

उत्तर : गुरुजी, सगळा होणार नाही. घराच्या किरायातून दुरुस्ती, रंग, छपाई, स्लॅब असा एकेक खर्च वजा करता येत नाही. त्याऐवजी कायदा सरसकट 30 टक्के सूट देतो. तुम्ही वर्षभरात एक रुपया खर्च केला नाही तरी 30 टक्के, आणि लाखो घातले तरी 30 टक्केच.

तुमचा हिशेब मांडते. किराया 1,56,000. नगर परिषदेचा घरटॅक्स तुम्ही 6,000 भरला असं धरू, उरले 1,50,000. त्याचे 30 टक्के 45,000 गेले, राहिले 1,05,000. आता व्याज. घर बांधायला किंवा दुरुस्तीला काढलेल्या कर्जाचं व्याज या 30 टक्क्यांशिवाय वेगळं मिळतं, आणि ते बँकेचंच कर्ज असायला पाहिजे असं नाही. पण लग्नात गेलेले 60,000 यात बसत नाहीत. कर्जाचे 80 टक्केच घराला लागले, म्हणून 33,000 पैकी 26,400 धरा. करपात्र उत्पन्न 78,600. ही सूट नव्या करप्रणालीतही आहे. फक्त व्याज किरायापेक्षा जास्त झालं, तर तो तोटा तिथे पेन्शनमधून वजा होत नाही.

घरटॅक्स त्या वर्षात खरोखर भरलेलाच धरतात, नुसती मागणीची नोटीस चालत नाही. किरायादारानं परस्पर भरला असेल तर तोही नाही.

मग 2,40,000 वाया गेले का? नाही, आणि आपल्याकडे लोक नेमकं हेच सोडून देतात याचं मला फार वाईट वाटतं. टिनाच्या जागी स्लॅब म्हणजे घरात कायमची सुधारणा. उद्या घर विकलं, तर ही रक्कम घराच्या खर्चात मिळवून नफा तेवढा कमी दाखवता येतो. रंग आणि छपाईचे 35,000 मात्र नेहमीच्या डागडुजीत जातात, ते मिळवता येत नाहीत. वडिलांनी 1988 साली बांधलेल्या घराची मूळ किंमत म्हणून तुम्ही 1 एप्रिल 2001 चा बाजारभाव धरू शकता, त्या दिवशीच्या मुद्रांक शुल्काच्या सरकारी दरापेक्षा जास्त नसला पाहिजे एवढंच. त्याआधी केलेल्या सुधारणा वेगळ्या मोजत नाहीत.

पण विकायच्या वेळी पुरावा लागेल. रेती, गिट्टी, सिमेंट, लोहा यांची बिलं असतील. मिस्त्री बिल देत नाही. त्याच्याकडून रक्कम, काम, तारीख लिहून सही घ्या, आणि शिल्लक हप्ता खात्यातूनच द्या. टिनं असतानाचा आणि स्लॅब टाकल्यावरचा फोटो सोबत ठेवा. पतसंस्थेकडून व्याजाचा दाखला मागताना कर्ज घरासाठी किती, हे मंजुरीच्या कागदावर नसेल तर पैसे खात्यातून सिमेंटच्या दुकानात गेल्याची नोंद त्यालाच जोडा.